मचव्याचा मालक

ता. ४ नोव्हेंबर १८८३, कोलशेत

पोचलो एकदाचे! धरमतरपासून आगबोट, मुंबईहून आगगाडी आणि ठाण्यापासून बैलगाडी. शेवटच्या टप्प्यात सगुणेची हाडं खिळखिळी झाली, तरी घर पाहिल्याबरोबर ती हसली. घर लहानच, पण पडवीत बसलं की सबंध खाडी डोळ्यांपुढे. पेणच्या आमच्या अंधाऱ्या माजघरापुढे हा स्वर्ग आहे.

चुनाभट्टी घरापासून हाकेच्या अंतरावर. उद्यापासून ती माझी. मुकादम धाकू इथलाच, आगरी, बोलायला मोकळा. त्याने स्वागताला टोपलीभर निवट्या, खाडीच्या चिखलातली मासळी, आणल्या, अजून उड्या मारत होत्या. सगुणेने त्यांचं असं काही कालवण केलं की दोन घास जास्तच गेले. भट्टीवरची माणसं मला भाऊसाहेब म्हणतात. पेणला मला कोणी नुसतं साहेबसुद्धा म्हटलं नव्हतं.

ता. १२ नोव्हेंबर

काम समजत चाललं आहे. खाडीतले शिंपले गोळा करायचे, भट्टीत भाजायचे, मग पाणी मारून चुना फोडायचा. कल्याणला एका कंत्राटदाराचं मोठं बांधकाम निघालं आहे. पावसाळ्यापर्यंत जेवढा होईल तेवढा चुना तो घेणार. पण पोचवायचा कसा? मिठाचा हंगाम लागला आणि खाडीतली झाडून सगळी गलबतं मिठागरवाल्यांनी अडवून ठेवली. गाड्यांनी पाठवावा तर अर्धा चुना वाटेत सांडतो. स्वतःचा मचवा हवा. तो नसला तर कंत्राट जाईल आणि मग भट्टीही जाईल.

चुन्याने हात फाटले आहेत. बोटांच्या पेरांतून रक्त येतं. सगुणा रात्री खोबरेल चोळते आणि देवाला माझ्याबद्दल चार शब्द सांगते. तिला दिवस गेले आहेत. तसं तिने आजच सांगितलं.

ता. २० नोव्हेंबर

मचवा मिळाला! म्हणजे, मिळण्याजोगा आहे.

शिंपल्यांच्या ढिगापलीकडे तिवरांचं दाट रान आहे. ओहोटीला तिकडे गेलो तर चिखलात एक मचवा रुतलेला. चांगला सागवानी, डोलकाठी शाबूत, शीड मात्र नाही. नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकाला, जिथे नोंदणीचे आकडे असतात तिथलं लाकूड कोणीतरी सुताराच्या वाकसाने तासून काढलं आहे. आत चिटपाखरू नव्हतं.

एक गोष्ट लिहून ठेवतो. चिखलात इतके दिवस पडून राहिलेल्या लाकडाला एव्हाना शिंपल्यांची खपली धरायला हवी होती. याच्या अंगावर काहीच नाही. गुळगुळीत आहे, ओलसर. मी काठावर हात टेकला तर तळव्याला पांढुरका बुळबुळीत थर आला, आणि वास शिळ्या लोण्याचा. चिखलात हात घासला, पाण्यात धुतला, तरी जेवताना वास होताच. निवट्यांचं कालवण आज गेलं नाही.

धाकू म्हणाला, राहू द्या त्याला तिथेच. का? त्याला फक्त घाण वाटते म्हणे. घाण तर धुता येते!

ता. २३ नोव्हेंबर

ठाण्याला मामलेदार कचेरीत जाऊन वर्दी दिली. कारकून सज्जन निघाला. त्याने सगळी रीत नीट सांगितली. बेवारशी वस्तू सापडली की आधी पंचनामा, मग चावडीवर आणि बंदरावर जाहीरनामा. मुदतीत कोणी मालक आला नाही तर ज्याला ती सापडली त्याचा हक्क. मग बंदर कचेरीत मोजणी, मचव्याला नाव, आकडे, आणि मालक म्हणून आपलं नाव. मी गडबडीत मचवा ओढून आणला असता तर चोर ठरलो असतो. जे करायचं ते कायद्याने करायचं. गाडीत बसून सबंध वाट मनातल्या मनात मचव्याला नाव शोधत होतो.

ता. १ डिसेंबर

पंचनामा झाला. पंच नाकाला पंचा लावून उभे. पाटलाने आत उतरून फळ्या मोजल्या आणि वर येऊन तिवरांत ओकला. सकाळची भाकरी सोसली नाही म्हणाला. गावकऱ्यांनी भरतीवर मचवा ओढून भट्टीच्या धक्क्याला बांधला. मुदत संपेपर्यंत तो माझ्या ताब्यात, पण वापरायचा नाही.

वारा खाडीकडून आला की वास थेट घरात येतो. सगुणेने आज दूध फेकून दिलं. नासलं नव्हतं. मी चाखून पाहिलं. तिला पटेना.

ता. २९ डिसेंबर

जाहीरनामा वाचून एक बाई आली. रतन नाव, कल्याणच्या कोळीवाड्यातली, वय फार नाही. धक्क्यावर उभी राहून मचव्याकडे नुसती बघत होती. तिचा नवरा महिपत याचा हा मचवा म्हणे. मी कागद विचारला. कागद नाही. आकडे कुठे आहेत? नवऱ्यानेच तासले. नवरा कुठे आहे? त्यावर तिने मचव्याकडे बोट केलं. मग म्हणाली, "सायब, मना मचवा नको. मना तो जालाचा हाय. त्यात माजा मानूस हाय."

चांगला सागवानी मचवा जाळायचा! मी तिला समजावलं की आत कोणी नाही, पंचांनी पाहिलं आहे. तिने माझ्याकडे पाहिलं तेव्हा मला उगाच ओशाळल्यासारखं झालं. तिने हरकत नोंदवायची ठरवली आहे.

ता. १४ जानेवारी १८८४

कचेरीत हरकतीची सुनावणी. मी रात्र जागून मुद्दे काढले होते. त्यांची गरजच पडली नाही. मामलेदारसाहेबांनी रतनला विचारलं, मचवा परत हवा का? ती नको म्हणाली. मग हरकत कसली? ती पुन्हा तेच म्हणाली, जाळायला द्या. कचेरीत हशा पिकला. मीही हसलो. हरकत फेटाळली.

बाहेर पिंपळाखाली ती बसली होती. जवळून जाताना मला म्हणाली, "नाव नका लावू. मचवा ठेवा, चुना न्या, पन तुमचा नाव नका लावू." मी म्हटलं, बाई, नाव लावल्याशिवाय खाडीत एक खेप करता येत नाही, दंड होतो. तिने मान हलवली आणि उठून गेली.

ता. २५ जानेवारी

मुदत संपली. हुकूम हातात आला. आज मचव्याची सफाई काढली.

तळातलं पाणी उपसताना मी वर उभा होतो. पाणी नव्हतंच म्हणा, पेज होती. पांढरी, घट्ट, वर साय धरलेली. बादलीतून धाग्यांसारखी ओघळत होती. गडी एकेक करून वर येऊन ओकून जात होते. शेवटी नाळेकडच्या फळ्या उचलल्या तर खाली पांढऱ्या चरबीचा मोठा थोरला गोळा. धाकू म्हणाला, मुशी माशाची चरबी असणार, तळाला लेप द्यायला कोणी साठवली असेल. मलाही तसंच वाटलं. गोळा बाहेर काढायला चार जण लागले. धरायला गेलं की बोटं आत रुतायची आणि बाहेर काढली की भोकं हळूहळू बुजायची.

कोळी लोक मचव्याच्या तळाला चुना आणि चरबी कालवून लेप देतात. चुना माझा, चरबी फुकटची. कढईत वितळवायला लावली.

ता. २ फेब्रुवारी

लेप पुरा झाला. मचवा पांढरा शुभ्र दिसतो आहे. बगळ्यासारखा.

एक गोष्ट सगुणेला सांगितलेली नाही. लेप देताना धाकूच्या हातांच्या भेगा भरून आल्या. ते पाहून मीही थोडी चरबी घेऊन बोटांना चोळली. किळस आली, पण आग थांबली. दुसऱ्या दिवशी भेगा मिटल्या होत्या. आता रोज चोळतो. हात लहान मुलासारखे मऊ झाले आहेत. सगुणेने काल हात हातात घेतला आणि लगेच सोडला. म्हणाली, "अहो, हात धुतलेत ना?" दोनदा धुतले होते.

ता. ९ फेब्रुवारी

आजचा दिवस सोन्याचा! बंदर कचेरीत मोजणी झाली. तापलेल्या लोखंडाने आडव्या तुळईवर आकडे डागले. लोखंड टेकलं तेव्हा चर्र झालं आणि धूर आला, पण लाकडाचा वास आला नाही. तव्यावर मांस पडावं तसा आला. कारकुनाने तोंड फिरवलं. कागदावर लिहिलं : मचवा 'श्रीएकवीरा', मालक त्र्यंबक रामचंद्र कर्णिक, राहणार कोलशेत. सही केली. पेन बोटांतून सारखं निसटत होतं.

तिथूनच पहिली खेप कल्याणला नेली. मचवा काय चालतो! वल्ह्याला जोर लावावा लागत नाही. कंत्राटदार खूष.

ता. ११ फेब्रुवारी

कढईतली उरलेली चरबी संपली. तळाशी काहीतरी खडखडलं म्हणून धाकूने काठीने ढवळून बाहेर काढलं.

एक दाढ. आणि कानातली चांदीची बाळी. बाळी पुरुषाची.

 धाकू खाडीत उतरला आणि वाळूने हात घासू लागला. रक्त आलं तरी घासत राहिला. मीही घासले. माझ्या हातांतून रक्त आलं नाही. पांढरं आलं.

सगुणेला सांगितलेलं नाही. सबंध दिवस ओकतो आहे. ओकारीतही तोच वास.

ता. १३ फेब्रुवारी

रतनकडे जाऊन आलो. गाडीने गेलो, मचव्याने नाही. कोळीवाड्यात तिचं घर शेवटचं. दाढ आणि बाळी तिच्यापुढे ठेवली. तिने बाळी उचलली, पुसली, पदराला बांधली. रडली नाही.

मग सांगितलं. महिपतला हा मचवा असाच सापडला होता, बेवारशी. त्यानेही रीतसर नाव लावलं. महिन्याभरात त्याचे हात मऊ पडले, मग पाय. उन्हात बसवेना. मचव्याच्या तळाशी गारव्यात पडून राहू लागला. जेवण तिथेच. मग जेवणही नको झालं. शेवटी शेवटी वाकस मागून घेतला आणि आपल्या नावाचे आकडे तासले, पण तोवर उशीर झाला होता. वासाने कोळीवाड्यात राहवेना, तेव्हा लोकांनी ओहोटीवर मचवा सोडून दिला. महिपत आत जिवंत होता. दोर रतननेच तोडला.

"त्याला अग्नी द्याचा रायला," ती म्हणाली. मग विचारलं, "किती उरलाय तो?"

 मी सांगितलं की सगळा मचव्याला लावला. आणि थोडा... तिने माझ्या हातांकडे पाहिलं. तिला कळलं. सरकून बसली.

म्हणाली, जाळा. आजच्या आज. जळला तर तुम्ही सुटाल, तोही सुटेल.

ता. १४ फेब्रुवारी

रात्रभर विचार केला. रतनचं खरं असेल. पण कंत्राटदाराला शब्द दिला आहे, सगुणा पोटुशी, आणि मचवा जाळला तर भट्टी बंद. हातांना काही दुखत नाही. पावसाळा लागला की जाळीन. तोवर मचव्याला हात लावणार नाही, गडीच खेपा करतील.

ता. २२ फेब्रुवारी

हे लिहू की नको.

आज जेवताना भात कालवला. सगुणा वाढत होती. तिची नजर माझ्या ताटावर खिळली. भातात नख होतं. अख्खं. मुळासकट. अंगठ्याकडे पाहिलं तर नखाच्या जागी पांढरा गोल खड्डा, रक्त नाही, दुखणं नाही. आणि भाताला तूप सोडल्यासारखी चकाकी. तूप आज नव्हतं.

ती परसात जाऊन ओकली. परत आली तेव्हा लांब उभी राहिली. रडत म्हणाली, "मला तुमची घाण येते हो. मी काय करू?"

मलाही माझी घाण येते. काय सांगणार.

ता. २५ फेब्रुवारी

सगुणेला पेणला पाठवलं. धाकूची बायको सोबत गेली. गाडीत बसताना तिने माझ्या पाया पडायला हात पुढे केला. मी पाय मागे घेतला. पायातही आता — नको.

धाकू कामावर आला नाही. त्याचे हात बरे आहेत म्हणे. त्याचं नाव कुठे लागलं आहे!

ता. २९ फेब्रुवारी

मचवा जाळायला गेलो. पेंढा नेला, घासलेट नेलं. दुपार होती, ऊन कडक. ऊन लागलं तशी माझी कातडी — तुपासारखी. धोतराला चिकटली. उभं राहवेना. तळाशी सावली होती. म्हटलं, क्षणभर टेकू आणि मग काडी ओढू.

किती गार होतं. किती बरं वाटलं. ओकारी थांबली.

जाग आली तेव्हा पेंढा सगळा भिजलेला. काड्याही.

ता. ३ मार्च

इथेच आहे. रोजनिशी बरोबर होती म्हणून बरं. गडी वरून भाकरी टाकतात. खाववत नाही. चिकटते. दात — दोन भाकरीतच राहिले.

नाळेकडच्या फळ्यांखाली जिथे तो होता तिथे एक खळगा आहे. माणसाएवढा. मी त्यात बसतो. नीट बसतो.

किळस अजून येते. ती गेली तर मग मी — ती जाऊ नये.

ता. ५ मार्च असावी

भिवंडीचा एक धान्यवाला आला होता. वरून बोलला. मचवा फार आवडला, विकत घेतो, आजच नाव बदलून घेऊ. सही केली की मी मोकळा.

कागद खाली सोडला. पेनही. तो हसतमुख माणूस दिसत होता. नवीन लग्न झालंय म्हणाला.

मचव्यात दोष आहे, विकायचा नाही, असं ओरडलो. आवाज कसा आला कोण जाणे. नाकाला रुमाल लावून गेला. कागद फाडून टाकला. आयुष्यात एक तरी —

तारीख ठाऊक नाही

वर माणसं जमली आहेत. सबंध गाव. बोलणं ऐकू येतं. विहिरीच्या पाण्यालाही वास लागला म्हणे.

धाकू डोकावला. रडत होता. "भाऊसाहेब, माफी करा. पोरंबालं हायत आमाना."

मी मान हलवली. हलली की नाही —

दोर तुटल्याचा आवाज. बांबूंनी ढकलताहेत.

भरती

मचवा वर चालला आहे, कल्याणकडे. शीड नाही, वल्हं नाही. आपल्या आपण. फळीच्या फटीतून ऊन दिसतं. मिठागरं गेली. तिवरं गेली.

सगुणेला मुलगा झाला तर — मुलगी झाली तरी — या कागदांतलं काही सांगू नये. तिला सांगावं, ताप आला होता.

पेन्सिल बोटात रुतते आहे. काढावी लागते. मग भोक बुजतं.

थांबला

चिखलात रुतला. कल्याणचं बंदर असावं. कोळीवाड्याचे आवाज. ओळखीचे.

पावलं. एकच माणूस. बाई. वर पेंढा टाकते आहे. कोरडा. भारेच्या भारे. घासलेटचा वास. त्या दुसऱ्या वासानंतर केवढा स्वच्छ वास!

तिला वाटतं आत फक्त महिपत आहे. जो काही उरला तो. मी आहे हे तिला — ठोकावं का? हाताने ठोकून आवाज होत नाही. पेन्सिलीने होईल.

ठोकलं तर ती थांबेल. मला बाहेर काढील. मचवा मात्र राहील. माझ्या नावावर. मग कोणाच्या?

ठोकत नाही.

धूर. मागच्या टोकाकडून पिवळा उजेड फटींतून. ऊब. लाकूड रडतंय — नाही, वितळतंय —

फळी उचलली. तिने वाकून पाहिलं. रतन. तोंडाला पदर नाही. नाकाला हात नाही. माझ्याकडे बघते आहे आणि तोंड फिरवत नाही.

ओरडली नाही. हातातली पेटती चूड तशीच. काहीतरी विचारते आहे. हो म्हणायला तोंड —

हो. हो रतनबाई, हो, इकडूनही पेटव, आता थांबू न